कोकणात अ‍ॅडासची गाडी चालवताना: काय चालू ठेवायचे, काय बंद, आणि कुठे

अ‍ॅडास, म्हणजे कॅमेरा आणि रडारवर चालणाऱ्या, ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सोयी, असलेल्या गाडीत पडद्यावर गाडीच्या दोन्ही बाजूंना हिरव्या रेषा उमटल्या की बऱ्याच जणांचे खांदे सैल पडतात. ती हिरवी रेषा एवढेच सांगते, की कॅमेऱ्याला या क्षणी रस्त्यावरचे दोन पांढरे पट्टे सापडले आहेत. पुढच्या वळणाआड म्हैस बसली आहे की दरड आली आहे, हे तिला ठाऊक नसते.

मोटारींच्या स्वयंचलनाची ० ते ५ अशी मोजपट्टी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ठरवली आहे. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांमधले अ‍ॅडास त्यावर लेव्हल १ किंवा २ वर बसते. लेव्हल २ मध्ये वेग आणि स्टिअरिंग दोन्ही यंत्र एकाच वेळी सांभाळू शकते, पण नजर आणि जबाबदारी ड्रायव्हरची. मर्सिडीजने २०२२ साली जर्मनीत लेव्हल ३ आणली, तीही सुरुवातीला ठरावीक महामार्गांवर आणि ताशी ६० किमीपर्यंतच. तेव्हा शोरूममध्ये कोणी ‘ही गाडी स्वतः चालते’ म्हणाले तर हसून पुढच्या प्रश्नाकडे वळावे.

कोकणापुरता हिशेब सोपा आहे. या सोयींचे तीन गट करा. इशारे देणाऱ्या सोयी आणि आणीबाणीचा ऑटो ब्रेक कायम चालू. पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारी अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ रस्ता बघून. आणि गाडी पट्ट्यांच्या आत ठेवण्यासाठी स्टिअरिंगला हात लावणारा लेन असिस्ट जवळपास बंदच. असे का, ते पुढे येते.

गाडीचे डोळे कुठे आहेत ते आधी शोधा

आतल्या आरशामागे, काचेला चिकटून कॅमेरा असतो. पुढच्या जाळीत, लोगोमागे किंवा बंपरच्या खालच्या भागात गुळगुळीत काळी प्लास्टिकची पट्टी दिसते, तिच्यामागे रडार. बहुतेक रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, बाहेरून न दिसणारे आणखी दोन छोटे रडार असू शकतात. आरशात न दिसणाऱ्या जागेतले वाहन दाखवणारा ब्लाइंड स्पॉटचा दिवा त्यांच्यावर चालतो. बंपरवरच्या गोल टिकल्या म्हणजे पार्किंगचे सेन्सर, त्यांची पोच काही मीटरच. काही गाड्यांत पुढे रडार नसतेच, सगळा भार कॅमेऱ्यावर असतो. आपली गाडी कोणत्या जातीची, हे मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा, कारण पावसात आणि धुक्यात दोघींचे वागणे वेगळे असते.

कॅमेरा ‘काय आहे’ ते ओळखतो, रडार ‘किती लांब आणि किती वेगाने’ ते मोजते. थांबलेली वस्तू ओळखणे रडारला अवघड जाते. लोखंडी कठडे, मोऱ्यांचे कठडे, पाट्या, रस्त्यात पडलेला पत्र्याचा तुकडा या सगळ्यांवरून लहरी परत येतात, आणि या सगळ्या गोष्टी गाडीच्याच वेगाने जवळ येताना दिसतात. प्रत्येकीसाठी ब्रेक मारला तर गाडी चालवणे अशक्य. म्हणून सॉफ्टवेअर थांबलेल्या वस्तूंचे बरेचसे प्रतिध्वनी कॅमेऱ्याची साक्ष मिळेपर्यंत बाजूला ठेवते. रात्री मागचा दिवा नसलेला, अर्धा रस्त्यावर उभा असलेला चिऱ्यांचा ट्रक ही नेमकी त्या यंत्रणेची कच्ची बाजू आहे. दिवसाही आडवे वाहन चकवते. मे २०१६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात ऑटोपायलट या मदत-यंत्रणेवर असलेली टेस्ला वळणाऱ्या ट्रेलरच्या पांढऱ्या बाजूखाली शिरली आणि चालक गेला. उजळ आकाशापुढे ती पांढरी बाजू ना यंत्रणेने हेरली ना चालकाने. हातखंबा तिठ्यासारख्या ठिकाणी आडवा येणारा टेम्पो हे दृश्य काही दुर्मिळ नाही.

निघण्यापूर्वी दहा मिनिटे

कोरडी तांबडी धूळ रडारला फारशी नडत नाही. ओली माती नडते, कारण पाणी या लहरी शोषून घेते. बंपरवर बोटभर चिखल बसला तर रडार ‘अडथळा आहे, यंत्रणा बंद’ असा संदेश देते. ते बरे. वाईट असते ती अर्धवट झाकलेली स्थिती, ज्यात संदेश येत नाही आणि नजर मात्र अधू झालेली असते. म्हणून जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावरून हमरस्त्याला लागताना एकदा उतरून काळी पट्टी ओल्या फडक्याने पुसावी.

काचेवर कॅमेऱ्यासमोरचा तळहाताएवढा भाग महत्त्वाचा. गुहागर, मुरूड, मालवण, वेंगुर्ले असा मुक्काम समुद्राजवळ झाला असेल तर सकाळी काचेवर मिठाचा पातळ थर असतो. कोरड्या फडक्याने घासू नका, काचेला बारीक ओरखडे पडतात आणि रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड त्यांत पसरतो. आधी गोडे पाणी ओता, मग पुसा. आंब्याखाली गाडी लावली असेल तर चीक आणि पक्ष्यांची घाण कोमट पाण्याने भिजवून काढा. आतून दमट हवेचा धूसर पडदा बसतो, तोही काच साफ करण्याच्या द्रावणाने महिन्यातून एकदा काढा. कॅमेऱ्याच्या कव्हरच्या आत बोट किंवा फडके घालू नका, ते काम वर्कशॉपचे.

वायपरचे रबर पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेरीस बदला. खाऱ्या हवेत आणि उन्हात ते लवकर कडक होते. वायपरने काचेवर रेघ सोडली तर ती कॅमेऱ्याच्या नजरेतही येते, हे लक्षात ठेवले की दोन-चारशे रुपयांचा विचार होत नाही.

मग काही आपल्याकडच्याच गोष्टी. दसऱ्याला झेंडूचा हार जाळीवर आडवा बांधून तसाच आठवडाभर फिरवू नका. ओली फुले रडारसमोर लोंबतात. लिंबू-मिरची पुढच्या बंपरला तारेने बांधण्याऐवजी दुसरीकडे लटकवा, रडारसमोर हलणारी तार कुणाच्याच हिताची नाही. डॅशबोर्डवरचा गणपती राहू द्या, पण त्याखालचा चकचकीत पाट किंवा पांढरा नॅपकिन काचेत प्रतिबिंब पाडतो आणि कॅमेऱ्याला ते दिसते. फास्टॅग कॅमेऱ्यासमोरच्या भागात चिकटवू नका. पुढे लोखंडी बुल गार्ड लावला असेल तर काढा: तो रडारची वाट अडवतो, एअरबॅगच्या सेन्सरचे गणित बिघडवतो आणि कायद्यातही बसत नाही.

सामान हा सहसा कोणाच्या लक्षात न येणारा मुद्दा. गणपतीला निघताना डिकीत मखर, पिठाचे डबे, तांदळाची गोणी, मागे तीन माणसे. गाडीचे बूड खाली जाते आणि नाक वर येते. कॅमेरा आणि रडार दोन्ही नाकाबरोबर वर बघू लागतात. जड सामान मागच्या सीटच्या पाठीला टेकवून खाली ठेवा आणि टायरमध्ये पूर्ण भाराची हवा भरा; तो आकडा ड्रायव्हरच्या दारालगत खांबावरच्या स्टिकरवर असतो. हेडलाइटचा कोन खाली करायची चकती असेल तर तीही फिरवा, समोरून येणारा दुवा देईल.

सेटिंग: एकदा बसून नीट करा

घराच्या अंगणात, हातात मॅन्युअल घेऊन. रस्त्यावर मेन्यू उघडू नये.

पुढच्या धडकेचा इशारा ‘लवकर’ वर ठेवा. वस्तीत तो जरा जास्त ओरडेल, हरकत नाही. ऑटो ब्रेक बंद करू नका. बहुतेक गाड्यांत तो बंद केला तरी पुढच्या वेळी गाडी सुरू करताना आपोआप चालू होतो, आणि तसे करण्यामागे कारण आहे. पण त्याच्याकडून अपेक्षा माफक ठेवा. वेगातला फरक कमी असेल तर तो धडक टाळू शकतो. फरक जास्त असेल तर धडकेचा वेग कमी करतो, एवढेच.

लेन असिस्टमध्ये दोन-तीन पायऱ्या असतात: फक्त इशारा, इशारा आणि स्टिअरिंगचा हलका धक्का, आणि गाडी लेनच्या मध्ये धरून ठेवणे. ‘फक्त इशारा’ निवडा. कोकणातल्या रस्त्यावर माणूस मिनिटाला दोनदा खड्डा चुकवतो, सायकलवाल्याला जागा देतो, कडेच्या गवतातून दूर होतो. दर वेळी इंडिकेटर दिला नाही तर स्टिअरिंग तुम्हाला परत खड्ड्यात ढकलू पाहते. दर वेळी दिला तर मागचा गोंधळतो. बहुतेक गाड्यांत ही सोय ताशी ६० किमीच्या आसपास जागी होते, म्हणजे गावात शांत असते आणि नेमकी वेगात असताना हातातून स्टिअरिंग ओढते.

क्रूझचे अंतर सर्वांत लांबच्या पायरीवर. पावसात तर नक्कीच. लांब अंतर ठेवले की रिक्षा आणि दुचाकी मध्ये घुसतात, गाडी दर वेळी मंदावते, मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू द्या.

वेगमर्यादेच्या पाट्या वाचणारी सोय शोभेपुरती समजा. पावसाळ्यात पाट्यांवर वेली चढतात, आणि सर्व्हिस रोडची पाटी कॅमेरा बिनदिक्कत हमरस्त्याची म्हणून वाचतो.

यानंतर तीन हालचाली पायाला आणि हाताला माहीत करून घ्या. ब्रेकला स्पर्श केला की क्रूझ सुटते. गाडीने विनाकारण ब्रेक मारला तर अ‍ॅक्सिलरेटर ठाम दाबल्यावर बहुतेक गाड्या ऐकतात. आणि लेन असिस्ट ओढत असेल तर स्टिअरिंगवर थोडा जोर दिला की तो हार मानतो. मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर यातली पहिली आणि तिसरी करून पाहता येते. ऑटो ब्रेकची परीक्षा मात्र खोक्यावर किंवा, देव न करो, माणसावर घेऊ नका. पडद्यावर त्याची खूण नीट आहे आणि बिघाडाचा दिवा लागलेला नाही, एवढी तपासणी पुरे.

कोणत्या रस्त्यावर काय

मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, हा एकच रस्ता समजून चालू नका. सिंधुदुर्गात कणकवली-कुडाळकडे काँक्रीटचा चौपदरी, मधे दुभाजक असलेला रस्ता क्रूझला मानवतो. तिथे कोरड्या दिवशी ८० वर क्रूझ लावून पाय ब्रेकजवळ ठेवावा. लांबच्या प्रवासात पायाचा थकवा खरोखर कमी होतो. मात्र गावांजवळच्या छेदांवर दुभाजकातल्या फटीतून दुचाकी निघते, आणि उलट्या बाजूने येणारा तर हमखास भेटतो. उलट दिशेने येणारे वाहन हे क्रूझच्या हिशेबातच नसते. कडेला घरे दिसू लागली की क्रूझ सोडा.

जिथे चौपदरीकरणाची कामे रेंगाळली आहेत तिथे सगळे बंद, इशारे आणि ऑटो ब्रेक सोडून. वळवलेल्या रस्त्यावर जुने पांढरे पट्टे पुसलेले नसतात आणि नवे मारलेले नसतात. कॅमेरा जुना पट्टा धरतो आणि तो पट्टा सरळ खणलेल्या भागात जातो. काँक्रीटच्या सांध्यांवर ओतलेले डांबर ओले झाले की चकाकते; तीही रेषाच, असे कॅमेऱ्याला वाटू शकते. पिंप, वाळूची पोती, दगडांवर मारलेला चुना हे आपल्याकडचे डायव्हर्जनचे फलक, आणि त्यांची शिकवण कोणत्याही यंत्राला पुरेशी मिळालेली नाही.

क्रूझचा एक सापळा विशेष सांगावा असा आहे. तुम्ही ८० लावले आहेत, पुढे टेम्पो ४० ने चालला आहे, गाडी मुकाट्याने त्याच्यामागे. टेम्पो गावाच्या फाट्याला वळतो. पुढचा रस्ता मोकळा दिसताच गाडी ८० कडे झेपावते, आणि समोर शाळा सुटलेली असते. उपाय एकच: पुढे कोणीच नसते तर इथे मी किती वेगाने गेलो असतो, तोच आकडा लावा. पुढचे वाहन संथ आहे म्हणून वरचा आकडा विसरू नका. शिवाय क्रूझला गतिरोधक दिसत नाहीत. रंग उडालेला गतिरोधक तर माणसालाही दिसत नाही, पण माणसाला निदान पुढच्या गाडीची उडी दिसते.

कशेडीच्या बोगद्यात शिरताना आणि बाहेर पडताना उजेड एकदम बदलतो आणि कॅमेऱ्याला सावरायला क्षणभर लागतो. बाहेर पाऊस असेल तर तोच क्षण काचेवर पाण्याचा सपका येण्याचाही असतो. तोंडाच्या शंभरेक मीटर आधी क्रूझ सोडा आणि बाहेर पडल्यावर पट्टे पुन्हा दिसू लागले की लावा.

घाटात क्रूझ नको. परशुराम, भोस्ते, तसेच वर देशावर चढणारे कुंभार्ली, आंबा, फोंडा, करूळ, आंबोली, सगळीकडे. कारणे तीन. रडारची पुढची नजर अरुंद असते. वळणात पुढची गाडी त्या नजरेतून बाहेर गेली की यंत्राला रस्ता मोकळा वाटतो आणि गाडी वळणातच वेग घेते. उलटही होते: वळणाच्या तोंडाशी समोरून येणारी एसटी किंवा कठडा थेट नाकासमोर येतो आणि गाडी विनाकारण ब्रेक मारते, मागे चढणीला लागलेला ट्रक असताना. तिसरे आणि सर्वांत गंभीर कारण उताराचे. उतारावर वेग धरून ठेवण्यासाठी क्रूझ ब्रेक वापरत राहते. ब्रेक तापतात, पॅड पकड सोडतात, आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. उतारावर खालचा गिअर हवा. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोडवर घेऊन दुसरा-तिसरा गिअर धरा, इंजिनाला अडवू द्या, ब्रेक थोडा थोडा आणि सोडून सोडून. घाटात जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्या, त्यावर पाणी ओतू नका.

गावातल्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मधे एकच गाडी जाईल एवढी जागा, तिथे पार्किंगचे सेन्सर सतत ओरडतात. गवत, वेली, कुंपणाची काटेरी फांदी काहीही त्यांना पुरते. काही गाड्या मागे घेताना अशा वेळी आपोआप ब्रेकही मारतात. समोरून गाडी आली आणि शंभर मीटर मागे जायचे असेल तर हा मागचा ऑटो ब्रेक तात्पुरता बंद करा, माणूस उतरवून त्याच्या हातवाऱ्यावर मागे या, आणि काम झाले की चालू करा. बाकी वेळी तो चालूच राहावा, अंगणात पोरे खेळत असतात.

सागरी मार्गाने जाणाऱ्यांना जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, लागते: दिघी-आगरदांडा, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. ओहोटीला रॅम्पचा चढ-उतार तीव्र होतो आणि बंपरवरच्या सेन्सरना तो लोखंडी पत्रा भिंतीसारखा वाटतो. चढवण्याआधी क्रूझ बंद, थांबल्यावर ब्रेक धरून ठेवणारा ऑटो होल्ड बंद, पुढच्या सेन्सरवर चालणारा ऑटो ब्रेक असेल तर तोही बंद. ओल्या रॅम्पच्या मध्यावर गाडीने स्वतःहून ब्रेक मारला तर चाके घसरतात. संथ, एका वेगाने, खलाशाच्या हाताकडे बघून चढा. फेरीबोटीत पार्किंगचा गिअर आणि हँडब्रेक दोन्ही. पलीकडे उतरल्यावर सगळे पुन्हा चालू करा, आणि त्या दिवशी संधी मिळताच गाडीचे पोट आणि बंपर गोड्या पाण्याने धुवा.

गणपतीच्या आदल्या दिवसांत माणगाव-इंदापूरला रांग लागते. थांबत-चालत जाणारी क्रूझ तिथे उपयोगी आहे यात शंका नाही. फक्त दोन सवयी ठेवा. गाडी थांबून पुन्हा निघताना आधी बंपरसमोर पाहा. रांगेच्या फटीतून चणे-शेंगदाणे विकणारी पोरे आणि दुचाकी जातात, आणि अगदी नाकाखालचे माणूस कॅमेऱ्याच्या नजरेखाली राहू शकते. आणि टोलनाक्याला शेवटच्या चार-पाच गाड्या उरल्या की क्रूझ सोडा. पुढची गाडी सुटल्यावर तुमची गाडी तिच्यामागे जायला बघते, मधे आलेला बारीक दांडा तिला दिसेलच असे नाही.

पाऊस आणि रात्र

अमेरिकेच्या एएए या मोटारचालक संघटनेने २०२१ साली काचेवर कृत्रिम पाऊस पाडून चाचण्या घेतल्या. ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किमी वेगाला, ऑटो ब्रेक असूनही ३३ टक्के वेळा गाडी समोरच्या थांबलेल्या गाडीवर आदळली. लेन असिस्ट ६९ टक्के वेळा पट्टा ओलांडून गेला. हे आकडे मनात ठेवून जुलैतला आपला रस्ता डोळ्यांपुढे आणा.

वायपर सर्वांत जलद पायरीवर गेला की क्रूझ बंद, हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. त्यामागे आणखी एक कारण आहे: चाक पाण्यावर तरंगू लागले तर क्रूझ वेग राखण्यासाठी त्याला आणखी फिरवू बघते. पाण्याचा थर दिसला की पाय उचलावा लागतो आणि क्रूझला ते कळत नाही.

अंतराचा हिशेब असा. माणसाला धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरले, आणि ओल्या रस्त्याची साधारण पकड धरली, तर ६० च्या वेगाला गाडी थांबायला सुमारे ५६ मीटर लागतात. ८० ला ८८, १०० ला १२८. टायरची नक्षी झिजली असेल तर याहून जास्त. पुढचे वाहन एखाद्या खांबापाशी पोचले की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणा. तुम्ही त्या खांबापाशी ‘तीन’च्या आत पोचलात तर पावसासाठी अंतर कमी आहे, क्रूझची पायरी काहीही असो.

धुक्यात, विशेषतः आंबोलीत, रडार माणसापेक्षा लांबचे बघते आणि म्हणून ड्रायव्हरला भलताच धीर येतो. पण वळणावर त्या रडारचे काय होते ते वर सांगितले आहेच. आणि गाडी फक्त कॅमेऱ्यावर चालणारी असेल तर धुक्यात तिला तुमच्याइतकेच कमी दिसते.

पावसाळ्यात गुरे रात्री रस्त्यावर येऊन बसतात, कारण रान ओले असते आणि डांबर त्यातल्या त्यात कोरडे. ऑटो ब्रेकला प्रामुख्याने गाड्या, दुचाकी आणि उभी माणसे ओळखायला शिकवलेले असते. बसलेली काळी म्हैस त्या यादीत बहुतेकदा नसते. मॅन्युअलमध्ये प्राण्यांबद्दलची टीप बारीक अक्षरात सापडेल. अंधारात चालणारी माणसेही या यंत्रणांना नीट सापडत नाहीत, हे एएएच्याच २०१९ च्या चाचण्यांत दिसले होते. ट्रकमागे बाहेर आलेल्या सळ्या आणि बांबू हा आणखी एक प्रकार: रडार ट्रकचे बूड मोजते, त्याच्या मागे दोन मीटर बाहेर आलेली सळई मोजत नाही. रात्री इशारे चालू, वेग दिव्याच्या झोताच्या आवाक्यात, स्टिअरिंग हातात.

स्टिअरिंग हातात म्हणजे खरोखर हातात. ‘हात ठेवा’ हा इशारा चुकवण्यासाठी स्टिअरिंगला पाण्याची बाटली किंवा वजन अडकवण्याची युक्ती फिरते. ड्रायव्हरचे लक्ष राहील अशी व्यवस्था अपुरी आहे, याच मुद्द्यावर डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत टेस्लाला सुमारे २० लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला. मार्च २०२४ मध्ये तिथल्या आयआयएचएस या रस्ते सुरक्षेच्या संस्थेने अशा १४ यंत्रणा तपासल्या. ११ ना ‘निकृष्ट’ शेरा मिळाला, ‘स्वीकारार्ह’ फक्त एक ठरली. त्या तपासणीतही मुख्य भर ड्रायव्हरचे लक्ष यंत्रणा कसे राखते यावरच होता.

काच फुटली, बंपर घासला, तर

खडीच्या डंपरमागे काचेला टिचकी लागणे ही इथली नेहमीची गोष्ट. टिचकी कॅमेऱ्यासमोर असेल तर भरून घेऊन भागत नाही, काच बदलावी. नव्या काचेवर कॅमेऱ्याचा ब्रॅकेट मूळ जागी आणि समोरचा भाग स्वच्छ, लहर नसलेला हवा. स्वस्त काचेत नेमके इथेच उणे असते.

काच बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवून घेणे, लागतेच. कॅमेरा एक अंशाने जरी फिरला तरी ५० मीटरवर ८७ सेंटिमीटरची आणि १०० मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनची अर्धी रुंदी. शेजारच्या लेनमधली गाडी तुमच्या लेनमध्ये दिसू लागते.

कॅलिब्रेशन दोन प्रकारचे. एकात सपाट फरशीवर, ठरलेल्या अंतरावर नक्षीचा बोर्ड उभा करून, टायरची हवा बरोबर करून, सामान काढून मोजमाप होते. दुसऱ्यात स्कॅनर जोडून स्पष्ट पट्ट्यांच्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवतात. हे दुसरे भर पावसात पूर्ण होत नाही, कारण पट्टेच दिसत नाहीत. कोणत्या गाडीला कोणते लागते ते कंपनी ठरवते. त्यामुळे काच कुठे बसवायची हे ठरवण्याआधी तिथे तुमच्या मॉडेलचे कॅलिब्रेशन होते का, ते फोनवर विचारा. काच बसवणारा जवळच मिळेल, बोर्ड मिळेलच असे नाही. विम्यातून काम करून घेत असाल तर कॅलिब्रेशनचा खर्च एस्टिमेटमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्या, सर्व्हेअर येण्यापूर्वी. नंतर तो मंजूर करून घेणे कटकटीचे असते. काम झाल्यावर आधीच्या आणि नंतरच्या स्कॅनची छापील प्रत मागा.

बंपर रंगवताना कोपऱ्यावर जाड पुट्टी भरली तर मागचे रडार अधू होते आणि ब्लाइंड स्पॉटचा दिवा उशिरा लागतो किंवा लागतच नाही. पेंटरला रडारची जागा दाखवून द्या. पुढचा बंपर काढून लावला असेल, रडारला धक्का लागला असेल, गाडीची उंची किंवा चाकाचा आकार बदलला असेल, तरी तपासणी करून घ्या. मोठ्या खड्ड्यात चाक आपटल्यावर लेन असिस्ट एका बाजूला ओढू लागला तर कॅमेऱ्यावर खापर फोडण्याआधी व्हील अलाइनमेंट पाहा, आणि अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणायला सांगा. बरेच जण ते विसरतात.

‘कॅमेरा झाकला आहे’ असा संदेश पावसात येऊन पाऊस थांबल्यावर गेला तर काळजी नको. कोरड्या दिवशी, स्वच्छ काच असताना आला आणि गाडी बंद करून चालू केल्यावरही राहिला, तर क्रूझ आणि लेन असिस्ट न वापरता वर्कशॉप गाठा. संदेशाचा मोबाइलवर फोटो घ्या, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा. वर्कशॉपमध्ये पोचेपर्यंत तो दिवा विझलेला असतो, आणि मग सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर ‘साहेब, गाडीत काही नाही’ असे सांगायला मोकळा होतो.